पस्ताना

हेमचंद्र कुकरचं रबर घ्यायला उल्हासनगरला गेला होता. बदलापुरात कुकरचं रबर मिळत नाही अशातला भाग नव्हता. घराजवळ, कात्रपच्या नाक्यावर, दोन दुकानांत ते टांगलेलं असे. पण नाक्यावर माणसं ओळखीची होती आणि ओळखीची माणसं विचारणारच, "काय साहेब, कधी निघताय?" म्हणून हल्ली तो दाढीचा साबणसुद्धा दोन गावं ओलांडून आणत असे. भांड्यांच्या गल्लीत शिरताना टेकचंदच्या सॅकच्या दुकानावरून जावं लागेल हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. माणूस ओळखी चुकवायला निघाला की रस्ता नेमका ओळखीच्या दारावरून जातो. टेकचंद गल्ल्यावर बसून रिळाचा गुंता सोडवत होता. त्याने मान वर केली आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की हेमचंद्रला मागे फिरायला वावच उरला नाही.

"अरे साहेब! आ गये आप? चलके आ गये?"

आता खरं सांगायला कितीसा वेळ लागतो? अजून निघालोच नाही, एवढंच म्हणायचं आणि पुढे चालायचं. पण टेकचंद इतका आनंदला होता, गल्ल्यावरून उठून त्याने असे दोन्ही हात पुढे केले होते, की हेमचंद्रच्या तोंडून शब्द गेला, "हो."

त्या एका शब्दावर त्याला खुर्ची मिळाली, चहा आला, दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. टेकचंदने वर टांगलेली हिरवी सॅक काठीने खाली काढली. आतल्या खोलीत शिवलेली आणि बाहेर कुठल्याशा परदेशी कंपनीचा बिल्ला मिरवणारी ती सॅक. तसलीच एक सप्टेंबरात हेमचंद्रने घेतली होती. "ये देखो. हेच सॅक घेऊन साहेब पूरा पहाड पैदल चालला. नाणेघाटपासून ते आंबोली. बडी नोकरी छोडके! एक टाका नाय निघाला. पूछो साहेबको." हेमचंद्र म्हणाला, "नाही निघाला." मग कुणीतरी विचारलं, वर थंडी असते का, आणि त्याने सांगितलं, असते, घाटाच्या तोंडाशी धुकं इतकं असतं की आपलाच हात दिसत नाही. एका वाडीपासून एक कुत्रं मागे लागलं, पिवळसर, एक कान तुटलेलं, ते तीन मुक्काम बरोबर होतं. हे त्याने ठरवून सांगितलं नाही. ते कुत्रं आपणहून आलं, आणि सांगता सांगता इतकं खरं झालं की त्याच्या नखांचा कातळावरचा आवाज हेमचंद्रला ऐकू आला. तेव्हा तो खरा घाबरला. "रातको अकेले डर नहीं लगा?" एका गिऱ्हाइकाने विचारलं. "भीती कसली," हेमचंद्र म्हणाला आणि बशीतला चहा त्याच्या सदऱ्यावर सांडला. टेकचंद खो खो हसला. "हे साहेब? अरे, फॅक्टरीत गॅस निघाला तेव्हा सगळे पळाले. हा एक आदमी हलला नाय!"

बाहेर आल्यावर कुकरचं रबर राहिलंच हे त्याला कळलं, पण परत फिरायची छाती नव्हती. थापा मारणाऱ्याला स्मरणशक्ती चांगली लागते म्हणतात. हेमचंद्रची उत्तम होती, आणि तेच वाईट होतं. अंबरनाथच्या त्याच्या कंपनीला हातमोजे आणि गमबूट टेकचंदकडूनच जात. म्हणजे उद्या पहिल्या पाळीला बातमी पोचणार: साहेब आले, सगळा सह्याद्री चालून आले. मग जुनी माणसं कात्रपला भेटायला येणार, पेढे घेऊन. शेजारचे म्हणणार, आले म्हणजे? गेले कुठे होते? आणि मधल्या खोलीत खुर्चीवर तो बसलेला असणार, अडीच महिने बसला होता तसाच, वर्तमानपत्राचं शब्दकोडं अर्धवट सोडवलेलं. स्टेशनपर्यंत तो भराभर चालत गेला आणि त्याच्या मनात एकच गोष्ट होती, की त्याची सॅक आत्ता बदलापूर गावात कौसाबाईच्या देवापुढे पाटावर ठेवलेली आहे. नवी कोरी. तिच्यावर मातीचा एक डागसुद्धा नाही.

त्याचं असं झालं होतं. कंपनी महिनाअखेरपर्यंत सोडायला तयार नव्हती आणि दसरा मध्येच येत होता. दसऱ्यासारखा मुहूर्त हातचा घालवायचा नाही, असं त्याच्या बायकोने, पद्मजाने ठरवलं. ती शाळेत गणित शिकवायची, ग्रहणात जेवायची, पण काही बाबतीत ती अचानक तिच्या आईची लेक होई. "पस्ताना ठेवू या," ती म्हणाली. मुहूर्तावर निघता येत नसेल तर आपलं सामान वेशीबाहेर, जायच्या दिशेला, कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. सामानाबरोबर आपल्या वापरातल्या रुमालात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड. म्हणजे प्रवास सुरू झाला. माणूस मागून सवडीने जातो. "ऑफिसात नाही का, साहेब रजेवर असले तरी कोट खुर्चीवर असतो, तसं," ती हसून म्हणाली होती. त्यांच्याकडे पूर्वी दूध घालणारी कौसाबाई गावात राहायची. तिच्या घरापासून नदी जवळ, नदीवरून मुरबाडची वाट, तिथून नाणेघाट. दिशा बरोबर होती. दसऱ्याच्या दिवशी दोघं रुळांपलीकडे गेली आणि सॅक ठेवून आली. परतताना हेमचंद्रला खांदे हलके वाटले, आणि मग लगेच, काहीतरी विसरून आल्यासारखं वाटलं. निघताना कौसाबाईने बजावलं होतं, "आता ह्यो माघारी न्यायाचा नाय हां. माघारी नेला त बरा नसतो." तेव्हा तो हसला होता. घरी येऊन जेवला, झोपला, दुसऱ्या दिवशी कामावर गेला. पण प्रवास सुरू झालेला होता, आणि त्या दिवसापासून आपण घरात उरलेलं काहीतरी आहोत असं त्याला वाटू लागलं. सकाळी आरशात दाढी करताना तो स्वतःकडे जरा परक्यासारखा बघे.

महिना संपला, सत्कार झाला. शाल, नारळ, भाषणं. आमचे साहेब संकटाला पाठ दाखवत नाहीत. आमचे साहेब आता डोंगराला भिडणार. सगळे टाळ्या वाजवत होते आणि हेमचंद्र खाली बघत होता. आपल्या बुटांकडे. कारण ती सगळी कथा त्याच्या पायांची होती, आणि ती खोटी होती. मागच्या उन्हाळ्यात दुपारच्या पाळीला तीन नंबरच्या केटलचं, रसायनं शिजवायच्या त्या मोठ्या बंद भांड्याचं, तापमान चढू लागलं. त्यात काय शिजत होतं हे सांगून उपयोग नाही. शिजू नये तितकं शिजत होतं एवढं खरं. काटा लाल रेघेवरून गेला, झाकणाच्या कडेने शिटी वाजवत पिवळा धूर सुटला, आणि कुणीतरी ओरडलं, "भागो!" माणसं जिन्यावरून अक्षरशः ओतल्यासारखी खाली गेली. थंड पाण्याचा कॉक आधीच कुणीतरी पुरा उघडून गेलं होतं, आणखी करण्यासारखं काही नव्हतं. पळणं एवढंच उरलं होतं, आणि हेमचंद्रला पळायचं होतं. इतकी एखादी गोष्ट त्याला आयुष्यात कधी हवीशी वाटली नव्हती. पण पाय हलेनात. त्याने त्यांच्याकडे पाहिलं. ते तिथे होते, बूट घातलेले, जमिनीवर. त्याने त्यांना मनातल्या मनात हुकूम सोडला, मग विनवलं. ते कुणा दुसऱ्याचे होते. त्याची चड्डी ओली झाली हे धुतल्या फरशीमुळे कुणाला कळलं नाही. मग काटा थरथरला आणि हळूहळू उतरला. माणसं परत वर आली तेव्हा साहेब पॅनेलसमोर उभे होते, काट्यावर नजर ठेवून. त्या दिवसापासून साहेब देव झाले. मुंबईहून मोठे साहेब आले, हात हातात घेऊन म्हणाले, गुजरातेत नवा कारखाना उभारतोय, तुमच्यासारखा न हलणारा माणूस हवा. न हलणारा! हेमचंद्रला समोर तीन नंबरसारख्या वीस केटल दिसल्या, आणि प्रत्येकीपुढे स्वतः उभा असलेला दिसला. तो घाईघाईने म्हणाला, "साहेब, मला चालायचंय." आणि मग, त्याला काहीतरी अर्थ यावा म्हणून, "सह्याद्री. घाटमाथ्याने. पायी, एकट्याने."

म्हणजे हौस अशी नव्हतीच. कॉलेजात असताना तो दोनदा चंदेरीच्या गडावर चढला होता, तेवढंच. घराच्या गॅलरीतून आजही ती दिसे आणि तो तिच्याकडे पाठ करून चहा पिई. पण बोललेला शब्द कसा चालू पडतो पाहा. महिनाभर नकाशे पसरताना त्याला खरोखरच वाटू लागलं, की आपल्याला हेच हवं आहे. पाय चालतात हे एकदा स्वतःला दाखवून द्यायचं. दिवसामागून दिवस, कुणी बघत नसताना, ते एकामागून एक पुढे पडताहेत हे डोळ्यांनी बघायचं. ते जमलं तर मी माणूस. नाही जमलं तर त्या दुपारीच, त्या पॅनेलसमोर, मी संपलो. इतकं साधं होतं. आणि इतकं साधं असल्यामुळेच नोव्हेंबर उजाडल्यावर त्याला ताप आला. ताप उतरला तर दिवाळी आली; दिवाळीला लेक वृंदा नाशिकहून नवऱ्याला घेऊन आली; ती गेल्यावर कंबर धरली. कंबर सुटली तेव्हा कारण उरलं नाही, आणि कारण नसलेल्या सकाळी फार भयंकर असतात. तो पाच वाजता उठे, बूट घाली, दारापर्यंत जाई. कडी काढी. जिन्यातला गारवा तोंडावर येई आणि गुडघ्यांखाली ती ओळखीची बधिरता चढू लागे. मग बूट काढून तो पद्मजाच्या आधी दूध तापवायला ठेवी. रुळांपलीकडे तो एकदाही गेला नाही. रविवारी भाजीला पद्मजा एकटी जाई. आणि ती, जगातली एकटी ती, कधीही विचारत नसे, "कधी निघताय?" तिच्या न विचारण्याचीच त्याला सगळ्यांत जास्त धास्ती वाटे. ती त्याला क्षुद्र समजत असणार, दुसरं काय.

बदलापूरला उतरल्यावर तो पूर्वेला घराकडे न जाता पश्चिमेला, गावाच्या बाजूला वळला. बेत गाडीतच पक्का झाला होता. सॅक माघारी आणायची. नदीकाठी तिला माती फासायची, दगडावर दोनचार ठिकाणी घासायची, पट्टा जरा उसवायचा. मग ती घरात दाराजवळ टांगायची आणि येईल त्याला सांगायचं, आलो. शेजाऱ्यांनाही काहीतरी सांगता येईल; घरातून मधल्या मधे जाऊन आलो, तुम्हाला कळलंही नाही. मूर्खपणा होता, हे त्यालाही दिसत होतं. बुडणाऱ्याला काडीचा आधार म्हणतात, पण ही काडी त्याने आपणच चिखलात रोवलेली होती. दुपार कलली होती. गावातल्या गल्ल्यांत शेण सारवल्याचा आणि वालाच्या शेंगा उकडल्याचा वास होता. त्याला वाटलं, कौसाबाई देणार नाही. पस्ताना माघारी नेत नाहीत म्हणून दारात आडवी उभी राहील. आणि मनाच्या तळाशी त्याला तेच हवं होतं. तिने नाही म्हणावं, ओरडावं, ढकलावं पुढे. कुणीतरी ढकललं तर तो जाईल. आजवर कुणी ढकललंच नव्हतं, सगळे टाळ्या वाजवत होते.

कौसाबाई ओट्यावर सुपात वाल पाखडत बसली होती. साठीची, काटक बाई. तिने सूप बाजूला ठेवलं. "सायेब? या ना. बाय बऱ्या हायेत ना?"

"बऱ्या आहेत. कौसाबाई, मी... ती पिशवी न्यायला आलोय."

"कंची पिशवी?"

"पस्ताना. दसऱ्याला ठेवलेला."

कौसाबाईने पदराने तोंड पुसलं. "त्यो त बायनी नेला."

"कधी?"

"तवाच की. दोन रोज मी दिवा लावला त्याच्यापुढं. तिसरे दिशी बाय आल्या, शाळंतून तशाच. बोलल्या, द्या. मी बोलली, बाय, माघारी नाय न्यायाचा, आंगावर येतो. त बोलल्या, येऊ दे माझ्या आंगावर."

हेमचंद्र ओट्याच्या खांबाला धरून उभा होता. घरात अंधार होता आणि देवापुढच्या पाटावर भोपळा ठेवलेला दिसत होता. तिसऱ्या दिवशी. म्हणजे सत्काराच्याही आधी. अडीच महिने तो ज्या सॅकला भीत होता, जी रात्री रुळांपलीकडून त्याच्याकडे बघत असे, ती इथे नव्हतीच. ती त्याच्याच घरात कुठेतरी होती; माळ्यावर, गाद्यांमागे. तो तिच्याखाली झोपत होता.

"का नेला? काही बोलल्या?"

कौसाबाईने वालाची एक शेंग उगीचच सोलली. "आता तुमाला कसा सांगू. माझ्या गळ्याची आन घालून गेल्यात." पण तिचंही पोट फुगलं असणार, इतके दिवस गोष्ट पोटात ठेवणं सोपं नसतं. "बोलल्या, कौसाबाय, त्यानला भ्या वाटतंय. कंपनीत तवा आग व्हणार व्हती ना, तवा बी ते भ्याले व्हते, म्हनून ऱ्हायले थितंच. लोकानला वाटला, धीराचे. त्या दिशी घरी आले त पाय धरून बसले मोरीत. मना नाय सांगला, पन मना कळला. बोलल्या, जायाचा म्हनून जातील, आन डोंगरात कुठं तरी तसंच उभं ऱ्हातील, एकले. कोन हाये तिकडं?" तिने सोललेली शेंग सुपात टाकली. "लय रडल्या इथं बसून. मी पानी दिला."

तो काही म्हणाला की नाही हे त्याला पुढे आठवलं नाही. तो ओट्यावरून उतरला. डाव्या हाताला स्टेशन होतं, घर होतं, उजव्या हाताला गल्ली नदीकडे उतरत होती, आणि तो उजवीकडे गेला. शौर्याने नव्हे. घरी जायची त्याला भीती वाटत होती म्हणून. मोरीत! अख्खे आठ महिने ती बाई हे जाणून होती. सत्काराची शाल तिने घडी करून कपाटात ठेवली, जाणून होती. पाहुण्यांसमोर कुणी ती गोष्ट काढली की ती चहा टाकायला आत उठून जाई, आणि त्याला वाटे, कौतुक ऐकून लाजते. पहाटे तो बूट घालून दारापर्यंत जाऊन परत येई तेव्हा ती जागी असणार, भिंतीकडे तोंड करून, श्वास झोपल्यासारखा संथ ठेवून. त्याला लाज वाटली, राग आला, आणि रागाखालून असं काही वर येऊ लागलं की त्याला ते ओळखता येईना. इतक्या मोठ्या भीतीत आपण एकटे आहोत असं तो धरून चालला होता, आणि ती शेजारच्या उशीवरच होती, तितकीच घाबरलेली, त्याच्यासाठी.

पुलावर तो आला ते कळलं नाही. दर पावसाळ्यात नदी त्या पुलावरून जाई म्हणून कठडा असा नव्हता, मधूनमधून सिमेंटचे ठेंगणे खुंट उभे होते. खाली पाणी हिरवं आणि संथ होतं. निम्म्यावर पोचल्यावर त्याने पायांकडे पाहिलं आणि पाय थांबले. चपला घातलेले, डांबरावर, बरोबर मधोमध. गुडघ्यांखाली बधिरता चढली, कानात ती पिवळी शिटी वाजू लागली. पुढे मुरबाडची वाट, मागे गाव. दोन्हीकडे सारखंच अंतर, आणि दोन्ही अशक्य. आता मी इथेच उभा राहणार, त्याला वाटलं. अंधार पडेल आणि मी उभा असेन. तिने म्हटलं होतं तसाच. डोंगर लागलाच नाही, घरापासून इतक्या जवळच झालं. त्याला मोठ्याने ओरडावंसं वाटलं, पण तोंडही पायांसारखंच झालं होतं.

समोरून डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई येत होती. भाऱ्याखाली तिचे फक्त डोळे आणि हनुवटी दिसत होती. ती जवळ आली, थांबली, मान न हलवता डोळे वळवून तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय झाला वो? आसं मधीच का उभं?"

हेमचंद्रने तोंड उघडलं. कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोला नाही, मोठ्या साहेबांना नाही. "भीती वाटते," तो म्हणाला.

बाईने विचार केला.

"मंग बाजूला होऊन भ्या ना," ती म्हणाली. "मागून ट्रक येतोय."

आणि हेमचंद्र बाजूला झाला. एक पाऊल, दुसरं, खुंटापर्यंत. ट्रक खडखडत गेला, त्याच्या वाऱ्याने सदरा फडफडला, विटांची लाल धूळ डोळ्यांत गेली. डोळे चोळून त्याने पाहिलं तर बाई भाऱ्यासकट गावाच्या बाजूला बरीच पुढे निघून गेली होती. तिला तिची कामं होती. तो खुंटाला धरून उभा राहिला. भीती तिळभर कमी झाली नव्हती, पण पाय बाजूला आले होते हे त्याने स्वतः पाहिलं होतं. मग पुढचा खुंट गाठला. मग त्याच्या पुढचा. असा धरत धरत, पहिल्यांदा चालायला शिकलेलं पोर भिंतीला धरून चालतं तसा, तो पलीकडे पोचला आणि एका दगडावर बसून रडला. खूप रडला. कुणी बघत नव्हतं आणि बघत असतं तरी त्याचं काही नव्हतं.

उन्हं उतरली. पद्मजा शाळेतून आली असेल, कुकरचं रबर नाही म्हणून वरण पातेल्यात शिजत ठेवलं असेल, आणि घड्याळाकडे बघत असेल. तिला सांगायला हवं होतं. तू ओळखलंस ते बरोबर होतं, असं सांगायला हवं होतं, आणि मग सॅक कुठे ठेवलीस ते विचारायला हवं होतं. उद्या पहाटेच लागेल ती. टेकचंदकडे जाऊन थापेतलं ते कुत्रंही परत घ्यायला हवं, पण ते नंतर. तो उठला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की घरी जायचं तर हाच पूल परत ओलांडायला हवा. त्याला पुन्हा तितकीच भीती वाटली. मागून काही येत नाही ना ते त्याने पाहून घेतलं, आणि तो कडेकडेने निघाला.